पाटी बघा, देश ओळखा

प्रश्न : नातू रस्त्याचा फोटो बघून देश ओळखायचा खेळ खेळतो. मला स्पेन आणि पोर्तुगाल सारखेच दिसतात. काही खूण? – एक आजोबा, फोंडा

उत्तर : आजोबा, निम्मा अभ्यास पणजीतच होईल. फोंताईन्हासमधल्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सवरच्या रस्त्यांच्या पाट्या नीट बघा, तसल्याच टाइल्स पोर्तुगालभर दिसतात. मात्र स्पेनमध्येही टाइल्सच्या पाट्या असतात, म्हणून अक्षरं तपासा. रोमन ‘ए’ किंवा ‘ओ’च्या डोक्यावर नागमोडी रेघ असली तर पोर्तुगाल, तीच रेघ ‘एन’वर असली तर स्पेन. चष्मा लावा, कारण फोटोत ती रेघ मुंगीएवढी दिसते. फुटपाथवर चुनखडीचे छोटे काळे-पांढरे चौकोनी दगड नक्षीत बसवलेले असतील तर बहुधा पोर्तुगालच.

नातवावर छाप पाडायची असेल तर हेही सांगा. धोक्याच्या त्रिकोणी पाटीची जमीन युरोपात बहुतेक ठिकाणी पांढरी, पण पोलंड, स्वीडन, फिनलंड, ग्रीसमध्ये पिवळी. आयर्लंडमध्ये तर त्रिकोणच नाही, पिवळा चौकोन कोनावर उभा. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून धावत असतील तर ब्रिटन, आयर्लंड, माल्टा नाहीतर सायप्रस. नंबरप्लेट पुढेमागे पिवळी दिसली की नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग. ब्रिटनमध्ये फक्त मागची पिवळी.