जर्मनीत मातीचं काम करायचंय, तर इंग्रजी पुरेल का?

राहुरीहून बी.एस्सी. कृषी झालंय, इथला मृदाशास्त्राचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, मग जर्मनसाठी वर्ष कशाला घालवू, असं तू विचारलंयस. पदवीपुरतं इंग्रजी चालेल, नोकरीत नाही. इथे मातीचं काम म्हणजे शेतकरी, पोकलेनवाला आणि जिल्ह्याचं पर्यावरण खातं यांच्याशी रोजची बोलाचाली, आणि ती जर्मनमध्येच होते. मी अकरा वर्षं तेच करतेय.

पण शब्दकोशावर विसंबू नकोस. 'बोडन' म्हणजे माती, जमीन, फरशी आणि उत्तरेकडे पोटमाळासुद्धा. घरमालकीणबाई म्हणाल्या, बॅगा बोडनवर ठेव. मी त्या इमानेइतबारे जिन्याखालच्या फरशीवर मांडल्या!

खरी मेख कणांच्या आकारात आहे. चिकणमातीची हद्द अमेरिकी आणि जर्मन दोन्ही पद्धतींत २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोयटा संपून वाळू सुरू होते ती मात्र अमेरिकी पद्धतीत ५० मायक्रॉनला आणि जर्मन पद्धतीत ६३ला. एकच नमुना, पण इंग्रजी अहवालात त्याचा वर्ग एक आणि जर्मन अहवालात दुसरा निघू शकतो. मी नवखी असताना जर्मन प्रयोगशाळेचे आकडे सरळ अमेरिकी त्रिकोणात, म्हणजे वाळू-पोयटा-चिकणमातीच्या प्रमाणावरून मातीचा वर्ग ठरवणाऱ्या आकृतीत, बसवले होते. अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला. जर्मन अहवालातली अक्षरंही पाठ कर: वाळू 'एस', चिकणमाती म्हणजे 'टोन', म्हणून 'टी', आणि पोयटा म्हणजे 'श्लुफ', पण अक्षर 'यू' (एस वाळूने आधीच पळवला, असं मी लक्षात ठेवलं). आपण 'पोयटा' आणि 'पोयट्याची जमीन' एकाच शब्दावर भागवतो. इथे दुसरीला 'लेम' म्हणतात, आणि दोन्हींत गल्लत केलीस तर लगेच पकडतात.

'श्वार्त्सएर्डे' म्हणजे शब्दशः काळी माती. पण मागडेबुर्ग शहराजवळची ही माती ह्यूमसने, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने, काळी, म्हणजे चेर्नोझेम. आपली कापसाची काळी जमीन व्हर्टिसोल, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीची, आणि ह्यूमस बेताचाच. तेव्हा मुलाखतीत 'आमच्याकडेही श्वार्त्सएर्डे आहे' असं म्हणू नकोस. उन्हाळ्यात भेगाळणारी, आपल्या मातीच्या जवळची जर्मन माती म्हणजे 'पेलोसोल'.

'बोडनशुट्झ'ला (शब्दशः मातीचं रक्षण) मृदसंधारण समजू नकोस. त्या शब्दाने आपल्याला बांधबंदिस्ती आठवते. इथे त्यात प्रदूषण, डांबर-काँक्रीटखाली माती झाकली जाणं आणि यंत्रांनी ती दाबली जाणं हे सगळं येतं. कायदा १९९८चा, लागू १९९९पासून, आणि नवी नियमावली १ ऑगस्ट २०२३पासून. त्यातला 'प्र्युफव्हेर्ट' (मातीतल्या प्रदूषकाची तपासणी-पातळी) हा शब्द नवे लोक हमखास 'लिमिट' असा करतात, आणि घोळ होतो. तो ओलांडला म्हणजे जागा दूषित ठरली असं नाही, तर अधिक तपास करा, एवढंच. शिवाय जागा कशासाठी वापरतात त्यावर तो बदलतो: शिशासाठी लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेवर किलोमागे २०० मिलिग्रॅम, कारखान्याच्या जागेवर २०००. कारवाई बहुधा अटळ होते ती 'मासनामेनव्हेर्ट', म्हणजे कारवाईची पातळी, ओलांडल्यावर. तसंच 'आल्टलास्ट', म्हणजे जुनं ओझं. मुख्यतः बंद पडलेल्या कचराभूमी आणि बंद कारखान्यांच्या जागा त्यात येतात. चालू कारखान्यात आज तेल सांडलं तर इंग्रजीत सरसकट 'कंटॅमिनेटेड साइट' म्हणून मोकळं होता येतं, जर्मन अहवालात आल्टलास्ट म्हणता येत नाही.

वरच्या सुपीक थराला 'मुटरबोडन', आईमाती, म्हणतात. आपल्या काळ्या आईशी नातं सांगणारा हा शब्द थेट बांधकाम कायद्याच्या २०२व्या कलमात आहे: उकरलेली आईमाती वापरण्याजोगी राखायची, वाया घालवायची नाही.

नोकऱ्या सध्या बांधकामावरच्या मृदादेखरेखीत बऱ्या आहेत, विशेषतः जमिनीखालच्या वीजवाहिन्यांच्या कामावर. तिथे सकाळी चिमूटभर माती तळहातावर वळून बघायची. बारीक वळताना चुरली तर यंत्रं चालू द्यायची, दोऱ्यासारखी अखंड वळली की थांबवायचा विचार सुरू, कारण इतकी ओली माती यंत्रांखाली दबते. मला दरवेळी वाफसाच आठवतो. पण पावसाळी सकाळी ताशी भाड्याचं यंत्र थांबवताना चिडलेल्या ठेकेदाराला कारण पटवायचं असतं, तेही जर्मनमध्ये.

म्हणून निघण्याआधी जर्मन भाषेची बी-१ पातळी करून ये, इथे आल्यावर पहिल्या वर्षात त्यावरची बी-२. शेतातल्या प्रात्यक्षिकासाठी इंग्रजी आणि जर्मन असे दोन गट असले तर जर्मन गटात जा. पहिले चार दिवस काही कळणार नाही, पण हातात मातीच असेल.