एक तारखेचा पगार, रात्रीचे फोन आणि बाँड: छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रश्न

माणसांना सांभाळून सॉफ्टवेअर कंपनी उभी करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातल्या पाच प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

आम्ही सहा जण आहोत. मोठा ग्राहक एकच आणि तो दोन-दोन महिने पैसे देत नाही. मागचे दोन पगार आठ-दहा दिवस उशिरा झाले. मुलं समजून घेतात, पण असं किती दिवस चालणार? (कोल्हापूर)

फार दिवस नाही. एक तारखेला घराचा हप्ता कटणाऱ्या माणसाला बाकी सगळ्या सवलती नंतर आठवतात. त्यामुळे दुरुस्ती बिलापासूनच सुरू करा.

समजा, तुम्ही ५,००,००० रुपयांचं बिल केलंत. त्यावर १८ टक्के जीएसटी ९०,०००, म्हणजे एकूण ५,९०,०००. ग्राहकाने ५,००,००० वर १० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापला, तर बँकेत ५,४०,००० येतात. (कामाचं स्वरूप पाहून काही जण २ टक्केच कापतात.) आलेल्या रकमेतले ९०,००० सरकारचे. खर्चाला हाताशी राहिले ४,५०,०००. टीडीएसचे ५०,००० कराच्या हिशेबात वळते होतील, पण या महिन्याच्या पगाराला त्यांचा उपयोग नाही. अनेक नव्या कंपन्या ५,९०,००० चा आकडा डोक्यात ठेवून माणसं घेतात आणि तिथेच गणित चुकतं.

दुसरी अडचण तारखांची. जीएसटी पैसे हातात पडल्यावर भरायचा नसतो, बिल केलं की भरायचा असतो. एप्रिलच्या बिलावरचा कर दरमहा विवरण भरणाऱ्याला २० मेपर्यंत द्यावा लागतो. ग्राहकाने जुलैत पैसे दिले, तर मधले दोन महिने ते ९०,००० तुमच्या खिशातून, म्हणजे खरं तर पगाराच्या पैशांतून गेलेले असतात. म्हणून महिन्याच्या शेवटी एक मोठं बिल करू नका, पंधरवड्याला छोटं करा. सुरुवातीला २५ ते ३० टक्के आगाऊ घ्या. सेवेसाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवरही जीएसटी लागतो, तो तेव्हाच बाजूला काढा.

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंदणी) फुकट आहे; केली नसेल तर या आठवड्यात करा आणि क्रमांक बिलावर ठळक छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. ग्राहक टिकवायचा असल्याने व्याज सहसा कोणी मागत नाही. पण मुदत उलटून गेलेलं बिल ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच खर्च म्हणून दाखवता येतं. हे त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना नीट ठाऊक असतं, म्हणून ३१ मार्चच्या आधी अशा बिलांना वाट मिळते. आठवण करून देणारी मेल फेब्रुवारीतच पाठवा.

आता गंगाजळी, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक. सहा जणांचा सरासरी खर्च माणशी ५५,००० धरला तर ३,३०,००० होतात. भाडं, सर्व्हर, इंटरनेट मिळून ७०,०००. महिन्याला ४,००,०००, तीन महिन्यांचे १२,००,०००. वरच्या मिळकतीत महिन्याला ४५,००० बाजूला टाकलेत तर बारा लाख साठायला सव्वादोन वर्षं लागतील. म्हणूनच आमचं स्पष्ट मत आहे की, ती रक्कम निम्मी तरी साठेपर्यंत सातवा माणूस घेऊ नका. पैसे वेगळ्या बँकेत ठेवा, चालू खात्याशेजारी ठेवलेले पैसे चालू खात्यातच जातात. आणि एकाच ग्राहकाकडून ४० टक्क्यांहून जास्त उत्पन्न येत असेल, तर पुढचं काम दुसऱ्याचं घ्या, थोडं स्वस्तात घ्यावं लागलं तरी चालेल.

तरीही पगार लांबणार असं दिसलं, तर २० तारखेलाच सगळ्यांना एकत्र बसवून आकड्यांसकट सांगा. आहेत त्या पैशांतून सर्वांत कमी पगाराच्या माणसाला आधी पूर्ण द्या, मालकांनी सर्वांत शेवटी घ्यावा.

आमचे ग्राहक अमेरिकेतले. मीटिंगा रात्री दहाला, शिवाय सर्व्हर पडला की पहाटेही फोन. दोन चांगली माणसं याच कारणाने सोडून गेली. (नाशिक)

न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. त्यांची सकाळी ९ ची वेळ म्हणजे आपली संध्याकाळी साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेसात. म्हणजे रोज दोन सामाईक तास रात्री दहाच्या आत सहज बसतात. कॅलिफोर्नियाचं अवघड आहे. तिथली सकाळी ८ ची वेळ म्हणजे आपली रात्रीची साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. अशा ग्राहकाबरोबर मीटिंग आठवड्यातून दोनदाच ठेवा आणि रोजची खबरबात लिहून पाठवा. काय झालं, काय अडलंय, तुमच्याकडून काय हवंय, एवढ्या तीन ओळी पुरतात. ज्या दिवशी उशिरा मीटिंग, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला कामाला सुरुवात, हे करारातच घाला. तोंडी ठेवलं तर पहिल्या गर्दीच्या आठवड्यात मोडतं.

रात्रीच्या फोनसाठी पाळी लावा. एका माणसाची पाळी चार आठवड्यांतून एकदाच यावी. चार तयार माणसं नसतील, तर चोवीस तासांच्या सेवेचा करार करू नका. तीन माणसांवर रेटलेली पाळी सहा महिन्यांत एकाला आजारी पाडते, मग उरतात दोन. पाळीच्या आठवड्याचा ठरीव भत्ता द्या, फोन वाजो न वाजो. ती रक्कम ग्राहकाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवा.

मग फोन का वाजतात ते तपासा. महिन्याचे सगळे इशारे एका कागदावर उतरवलेत तर बहुतेक वेळा तेच दोन-तीन पुन्हा पुन्हा दिसतील. लॉग (सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो त्या नोंदी) साठून डिस्क भरणं हे त्यातलं नेहमीचं. डिस्क ९५ टक्के भरल्यावर पहाटे तीनला माणूस उठवण्यापेक्षा ७० टक्क्यांना दिवसा मेल जाऊ द्या आणि जुने लॉग आपोआप काढायची सोय करा. झोपलेल्या माणसाने उठून काही करायचं असेल तेव्हाच फोन वाजावा. बाकी इशारे सकाळी बघता येतात. प्रत्येक इशाऱ्याबरोबर काय बघायचं, कुठली आज्ञा चालवायची, कोणाला कळवायचं हे लिहिलेलं असावं. नवी आवृत्ती चढवायची तर ती दुपारी चारच्या आत, शुक्रवारी नाही, आणि जुन्या आवृत्तीवर मागे फिरायचा रस्ता आधी चालवून बघितलेला असावा.

एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामाला लावायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरी पोहोचवण्याची व्यवस्था करावी लागते.

आम्ही नवी मुलं घेतो, सहा महिने शिकवतो, मग ती पुण्याला निघून जातात. दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर भरपाई देईन, असा बाँड घ्यावा का? मूळ गुणपत्रिका ठेवून घ्याव्यात का? (अमरावती)

मूळ कागदपत्रं अजिबात ठेवू नका. ती त्या मुलाची आहेत.

बाँडबद्दल: नोकरी सुटल्यावर ‘अमुक कंपनीत जायचं नाही’ अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. नोकरीत असतानाच्या किमान मुदतीचं वेगळं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची मुदत आणि दोन लाखांची भरपाई वैध ठरवली. पण ती सार्वजनिक बँक होती आणि भरतीचा खर्च तिथे विचारात घेतला गेला. तुम्हाला त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळू शकते, आणि तीही कोर्टात वर्षं घालवून.

मुलं का जातात ते पगाराच्या तक्त्यात दिसतं. १८,००० वर घेतलेल्या मुलीला सहा महिन्यांनी पुण्यात ३५,००० मिळत असतील आणि तुमची पगारवाढ फक्त एप्रिलमध्ये होत असेल, तर ती जाणारच. पहिल्या दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी वाढ ठरवा आणि तिचे आकडे नेमणूकपत्रातच लिहा.

शिकवण्याची पद्धतही बदलता येईल. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरची मेन्लो इनोव्हेशन्स ही २००१ साली सुरू झालेली कंपनी दोघांना एका संगणकावर बसवते आणि जोड्या दर आठवड्याला बदलते. नवा माणूस पहिल्या दिवसापासून खऱ्या कामावर असतो, आणि कोणा एकाच्या जाण्याने काम अडत नाही. तुम्हाला दिवसभर जमणार नाही, पण रोज दोन तास जमतील. शिकवणाऱ्याचा ३० टक्के वेळ त्यासाठी मोकळा ठेवा. त्याच्यावर पूर्ण काम टाकून वर शिकवायलाही लावलंत, की तो चिडतो आणि नवा मुलगा विचारायला घाबरतो. एखादा छोटा बदल, अगदी बटणावरची चुकीची अक्षरं सुधारण्याएवढा, पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून ग्राहकापर्यंत जाऊ द्या.

पगार कमी देतो, म्हणून सोबत्यांना शेअर द्यावेत असं वाटतं. आमची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे. (ठाणे)

एलएलपीत शेअरच नसतात, त्यामुळे ईसॉप (कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला शेअर घ्यायचा हक्क) देता येत नाही. आधी प्रायव्हेट लिमिटेड व्हावं लागेल. नंतरही भागधारकांचा ठराव लागतो, हक्क दिल्यापासून तो वापरता येईपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं आणि करारावरच्या सल्लागारांना ते देता येत नाहीत.

देताना कराचं उदाहरण आकड्यांत समजावून सांगा. १,००० शेअर १० रुपयांनी घ्यायचा हक्क आहे आणि घेतले त्या दिवशी एका शेअरची किंमत ४०० ठरली, तर ३,९०,००० रुपये पगारात धरून कर लागतो. हातात मात्र एक रुपयाही आलेला नसतो, आणि खासगी कंपनीचे शेअर घ्यायला बाजारात गिऱ्हाईक नसतं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नव्वदच्या दशकात तिच्या कर्मचाऱ्यांना शेअरमधून खरोखर पैसे मिळाले. पण ती कंपनी शेअर बाजारात गेली होती. तुमचा तसा बेत नसेल, तर नफ्यातला ठरावीक टक्का, समजा १० टक्के, वर्षातून एकदा रोख वाटा. कसा मोजला तो हिशेब सगळ्यांना दाखवा.

आमच्याकडे दहावी व्यक्ती रुजू होतेय. काय बदलतं? (पणजी)

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती सक्तीची होते. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, किमान दोन कर्मचारी सदस्य आणि एक बाहेरची सदस्य. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड आहे. बाहेरची सदस्य शोधायला वेळ लागतो, आधीच सुरुवात करा.

ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार द्यायची रक्कम) लागू होते. शेवटचा मूळ पगार ४०,००० आणि सेवा पाच वर्षं असेल, तर ४०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १,१५,३८५ रुपये. दरमहा मूळ पगाराच्या ४.८१ टक्के बाजूला टाकलेत तर ओझं वाटत नाही. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांना सक्तीचा असला तरी आधीही घेता येतो, आणि आम्ही घ्याच म्हणू.

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा असते आणि ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नसलेल्या महिलेचा त्या काळातला पगार तुम्हीच द्यायचा असतो. त्यासाठी एका व्यक्तीच्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम गंगाजळीत वेगळी धरा. काम सोपवण्याची सुरुवात रजेच्या दोन महिने आधी करा आणि तिच्या ग्राहकाशी जोडीदाराची ओळख तिलाच करून देऊ द्या. परत आल्यावर तोच ग्राहक पुन्हा तिच्याकडे जाईल, हे रजेवर जाण्याआधी लिहून द्या.