हळदीच्या सौद्यातला ‘लॉट’ आणि इंग्रजीतला ‘अ लॉट ऑफ’ हे शब्द एकच आहेत का?

हो, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला पुकारतात तो ‘लॉट’ आणि ‘पुष्कळ’ या अर्थाचा ‘अ लॉट ऑफ’ हे दोन्ही एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत. जुन्या इंग्रजीत हा शब्द चिठ्ठीसाठी होता. वाटणी ठरवायला लाकडाचा तुकडा किंवा तसंच काही टाकून कौल घेत, ती चिठ्ठी. चिठ्ठीने जे पदरात पडलं तो वाटा, आणि म्हणून नशीबही ‘लॉट’च. पुढे जमिनीचा तुकडा (‘पार्किंग लॉट’ त्यातलाच), मग एकत्र विकायला काढलेला माल. एका शेतकऱ्याची राजापुरी हळदीची ३० पोती एकदम सौद्याला लागली, की तो एक लॉट. ढिगावरून ‘पुष्कळ’ हा अर्थ सहज आला. ‘लॉटरी’ही याच घरातली.

वापरताना क्रियापद पुढच्या नामाप्रमाणे घ्या: ‘अ लॉट ऑफ वॉटर इज’, पण ‘अ लॉट ऑफ पीपल आर’. इथे चूक फार होते, कारण ‘अ’ दिसला की एकवचन वाटतं.

मात्र ‘अ लॉट’ लिहिताना दोन शब्द सुटेच हवेत. जोडून आणि ‘एल’ दोनदा घालून लिहिलं, तर ते ‘अलॉट’, म्हणजे नेमून देणं: ‘एमआयडीसीत प्लॉट अलॉट झाला’ मधलं. अर्जात किंवा निबंधात मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘मेनी’ जास्त शोभतं.