यंदा दारावर स्टार लावायचा की नाही?

*मावशी, सलाम. मी नगरची, वय ३९. जुलैमध्ये माझे मिस्टर हार्ट अटॅकने गेले. घरात मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई म्हणतात, यंदा आपल्याकडे नाताळ नाही; स्टार नाही, फराळ नाही. मुलगा रोज विचारतो, "आई, स्टार कधी लावायचा?" दरवर्षी तो आणि त्याचे पप्पा मिळून लावायचे. नात्यातल्या एका बाई म्हणाल्या, लावायचाच असेल तर तू हात लावू नकोस, दिराला बोलव. चर्चमध्ये भेटेल तो सांगतो, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा." नाताळाची गाणी सुरू झाली की माझा गळा दाटतो आणि मी बाहेर येऊन उभी राहते. मला आनंद होतच नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?*

सलाम, बेटा.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुझा विश्वास कमी पडलेला नाही. नवरा जाऊन पाच महिने झालेत. गळ्यातून गाणं निघत नाही, त्यात पाप कसलं? "सर्वदा आनंद करा" हे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना पत्रात लिहिलं, तेही बंदिवासातून. पण रोमकरांना त्यानेच लिहिलं की शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. तुला पहिलं वचन ऐकवणाऱ्यांनी दुसरं पाळलं असतं तर तुला एकटीला बाहेर उभं राहावं लागलं नसतं. ही माणसं वाईट नाहीत. काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून वचन पुढे करतात. त्यांच्यावर राग धरू नकोस, पण त्यांना बरं वाटावं म्हणून हसरा चेहराही करू नकोस.

संडे स्कूलच्या नाटकात आपण देवदूत, मेंढपाळ आणि मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, बघतो आणि पडदा पडतो. शुभवर्तमानात पडदा तिथे पडत नाही. मागी लोक निघून जातात आणि लगेच योसेफ रातोरात बायकोला आणि बाळाला घेऊन मिसर देशाकडे पळतो. मागे बेथलेहेमात हेरोद राजा दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारून टाकतो. इस्राएल लोकांची पूर्वज आई राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि तिचं सांत्वन होत नाही, हे मत्तयाने नाताळाच्या गोष्टीतच लिहून ठेवलंय. तेव्हा रडत्या बाईला या सणात जागा नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने मत्तयाचा दुसरा अध्याय पुरता वाचलेला नाही.

आणि लूकच्या गोष्टीत तर एक विधवा आहे. अध्याय दुसरा, वचनं ३६ ते ३८, आज रात्री काढून वाच. हन्ना संदेष्ट्री. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याचा सहवास लाभला, मग वैधव्य. आपल्याला भेटते तेव्हा ती अगदी म्हातारी आहे. लूक चौऱ्याऐंशीचा आकडा देतो. मधल्या सगळ्या वर्षांबद्दल तो एवढंच सांगतो की ती मंदिर सोडत नसे, उपास आणि प्रार्थना करत असे. ती आनंदी होती की नव्हती, याबद्दल एक शब्द नाही. पुढे मरिया आणि योसेफ बाळाला मंदिरात आणतात, तेव्हा ती जवळ येते, देवाचे आभार मानते आणि वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाविषयी सांगत सुटते. आनंद तिच्याकडे किती वर्षांनी आला बघ. तुझ्याकडून पाच महिन्यांत त्याची मागणी करण्याचा हक्क कुणालाच नाही.

मला वाटतं, आपण नाताळाच्या आनंदाचा अर्थ फार उथळ करून ठेवलाय. नवे कपडे, केक, रोषणाई, हसरे फोटो. मला ते सगळं आवडतं, पण मेंढपाळांकडे यातलं काही नव्हतं. रात्री राखण करत बसलेली, घाबरून गेलेली माणसं ती. देवदूताने त्यांना आधी सांगितलं, भिऊ नका. मोठ्या आनंदाची सुवार्ता त्यानंतर. देव आपल्यात राहायला आला, ही ती बातमी. तुला हसू आलं तर ती खरी आणि रडू आलं तर खोटी, असं होत नाही. यंदा तू ती नुसती ऐक. गाणं मंडळी गातील.

आता स्टारचं. लाव, आणि तुझ्याच हाताने लाव, पोराला सोबत घेऊन. विधवेचा हात लागू नये हा विचार आपल्या घरांत कुठून शिरला ते तुला-मला ठाऊक आहे, आणि त्याला ख्रिस्ती घरात थारा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या, कडेवर लहान मुलगी होती. त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. त्या बाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि स्टार लावायला दिराला बोलवतो? हे मला पटत नाही.

पण सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांचा मुलगा गेलाय. 'नाताळ नाही' म्हणताना त्या नियम सांगत नसतील, त्यांचं काळीज फाटलंय एवढंच सांगत असतील. त्यांच्याजवळ बस आणि म्हण, "आई, फराळ नको, मलाही तळायला बसवणार नाही. पण पोरासाठी स्टार लावू या." करंज्या-चकल्या शेजारपाजारचे आणतील, त्या घे. मुलाला नवा शर्ट घे. तो हसला-खेळला तर पप्पांना विसरला असं होत नाही, हे त्याला तुझ्या तोंडून ऐकू दे; नाहीतर तुझ्याकडे बघून ते पोर हसणंच बंद करेल.

२५ तारखेच्या उपासनेला जा, पण दाराजवळच्या बाकावर बस. एका मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की मी उठले तर तूही माझ्याबरोबर बाहेर ये. पाळकसाहेबांना भेटून हे सगळं सांग. यंदा कॅरोलची मंडळी घरी यावी की नाही, तेही तूच ठरव. यावी वाटलं तर त्यांना म्हण, एकच गाणं म्हणा आणि प्रार्थना करा. तिघं मिळून कबरीवर फुलं ठेवून या. आणि २५ ला काहीच जमलं नाही, दिवसभर अंथरुणातून उठवलं नाही, तरी चालेल. आपल्या उपासनेच्या वर्षात नाताळ एका दिवसात संपत नाही, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. स्टार ३० तारखेला लावलास तरी तो नाताळाचाच.

एक गोष्ट मात्र टाळू नकोस. झोप अजिबात येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा आपणही नसावं असं मनात येत असेल, तर नाताळ होईपर्यंत थांबू नकोस. डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर मोबाइलमध्ये आजच सेव्ह कर, आणि सासूबाईंनाही देऊन ठेव.