जॉबकार्डावर तुझे शब्द हवेत

प्रिय पोरी,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. सात महिन्यांची गाडी, चढावर झटके, मधूनच लागणारा इंजिनाचा दिवा, सर्व्हिस सेंटरच्या पाच फेऱ्या, आणि शेवटी तू विचारतेस, "काका, माझ्याच चालवण्यात काही चुकत असेल का?" हे वाचून मला राग आला. तुझा नव्हे. चांगल्या समजूतदार मुलीला पाच फेऱ्यांत स्वतःच्या कानांवर शंका घ्यायला लावलं, त्याचा.

गाडी विकायची की ठेवायची ते मागाहून बघू. (दोष न सांगता ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं तुला जमणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे.) आधी सांग, पाचही जॉबकार्डं, म्हणजे गाडी सोडताना काउंटरवर भरतात ते कागद, कुठे आहेत? तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय? पैजेवर सांगतो, ‘जनरल चेकअप’, नाहीतर ‘इंजिन लाइट, तपासून दिली’. तू दहा मिनिटं पोटतिडकीनं बोललीस, समोरचा मान डोलवत टाइप करत राहिला आणि कागदावर उतरले तीन शब्द. त्याखाली तू सही केलीस.

मीही करायचो. माझी गाडी नऊ महिन्यांची होती. तासभर पळवली की सिग्नलला बंद पडायची. बॉनेट उघडून वीस मिनिटं थांबलं की गुमान सुरू, जसं काही झालंच नाही. मी संध्याकाळी गाडी सोडून यायचो. ते सकाळी थंडगार इंजिन तपासायचे, आवारात एक चक्कर मारायचे आणि मला फोन करायचे, "दोष आढळला नाही." आठ वेळा. वॉरंटी संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती भर रस्त्यात बसली ती उठलीच नाही. दोष निघाला क्रँकशाफ्ट सेन्सरचा. बोटाएवढा भाग, पण क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, नेमका कुठवर फिरलाय हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला तोच कळवतो. तो मुका झाला की ठिणगी कधी टाकायची आणि इंधन कधी सोडायचं याचा मेळ राहत नाही. तापल्यावर गप्प होणं आणि निवल्यावर पुन्हा बोलायला लागणं, ही बिघडलेल्या सेन्सरची जुनीच खोड.

मी म्हटलं, हा वॉरंटीतलाच दोष आहे, आठ वेळा सांगितलाय. ते म्हणाले, दाखवा. आठ जॉबकार्डांवर ‘बंद पडते’ हे शब्द एकदाही नव्हते. गाडी धुतल्याची नोंद मात्र आठही ठिकाणी होती.

म्हणून सांगतो, लिहून घे. तुझ्या शब्दांत, तुझ्यासमोर, सहीच्या आधी. "त्यांना वाईट वाटेल" म्हणतेस! अगं, काउंटरवरचा माणूस वेगळा आणि पाना हातात घेणारा वेगळा. आतल्या मेकॅनिकला तू दिसत नाहीस, त्याला तो कागद दिसतो. त्यावर ‘चेकअप’ असेल तर तो बिचारा चेकअप करणार. त्याचं काय चुकलं?

आणि लक्षण लिही, निदान नको. ‘कॉइल बदला’ (ठिणगीला वीज पुरवणारा भाग) म्हणालीस तर बदलतील, आणि दोष राहिला तर ‘मॅडमनी सांगितलं म्हणून बदलली’ म्हणतील. ‘अर्ध्या तासानंतर, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू असताना झटके, दिवा लागतो, दोन दिवसांनी जातो’, एवढं पुरे. तारीख आणि किलोमीटर टाक.

त्या दिव्याचंही ऐक. तो विझला म्हणजे दोष गेला, असं तुला कुणी सांगितलं? साधारणपणे लागोपाठ तीनदा गाडी चालवताना दोष पुन्हा दिसला नाही की गाडी दिवा आपणहून विझवते. दोषाचा कोड मात्र गाडीच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतो, बहुधा इंजिन ४० वेळा तापून निवेपर्यंत. त्याच्याबरोबर त्या क्षणाचं चित्रही राहतं: वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा भार. त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड पी०३०१ असेल तर पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथलं इंधन नीट पेटत नाही. पी०३०० असेल तर मिसफायर आहे पण एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. स्कॅनरवरचं एक बटण दाबलं की हा सगळा पुरावा पुसला जातो, आणि तुझ्या पाचही फेऱ्यांत ते बटण कुणीतरी नक्की दाबलंय. आधी प्रिंट, मग पुसणं. बॅटरीची वायर काढून बघायचा सल्ला देणाऱ्यांनाही लांब ठेव, त्यानंही बऱ्याचदा तेच होतं.

एक अपवाद. दिवा लुकलुकायला लागला तर नोंदी बिंदी राहू दे, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ आणि गाडी बाजूला घेऊन बंद कर. मिसफायरचं न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं आणि तोही खलास होतो.

तुझी काकू माझ्या फायलीला हसते. पुढच्या गाडीची मी पहिल्या दिवसापासून फाइल ठेवली, डॅशबोर्डच्या किरकिरीसकट. विकताना ती अख्खी फाइल गिऱ्हाइकाच्या हातात दिली, त्यानं किरकिरीचं पान उघडलं आणि तिथल्या तिथे भाव पाडला. मूर्खपणा म्हण. काउंटरवरची पोरं मला बघून आत सटकतात, तेही ठाऊक आहे. पण मी आवाज चढवत नाही, कुणाला चोर म्हणत नाही. फक्त लिहून मिळेपर्यंत खुर्चीतून उठत नाही. आठ वेळा उठलो होतो, तेवढं पुरे झालं.

गुरुवारी जाशील तेव्हा अर्धा तास फिरवून, इंजिन तापलेलं असतानाच गाडी आत घाल. मेकॅनिकला शेजारी बसव आणि त्याच चढावर तू स्वतः चालव. झटका आला की त्याच्या तोंडाकडे बघू नकोस, घड्याळाकडे बघ आणि वेळ टिपून ठेव.

रविवारी घरी ये, पाचही जॉबकार्डं घेऊन. धुलाईच्या नोंदी किती आहेत ते मोजू.

तुझा,
काका