मराठा तलवारीची हस्तनिर्मित प्रतिकृती घेताना काय पाहावे?

आपण विचारले आहे की, मर्दानी खेळ शिकण्यास नुकताच आरंभ केला असून घरातील दर्शनी भिंतीवर लावता येईल आणि सरावालाही वापरता येईल अशी एकच हस्तनिर्मित मराठा तलवार घ्यावयाची आहे, तर ती कशी निवडावी. तसेच इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भावाला अशीच एक तलवार भेट म्हणून पाठवता येईल का. मी स्वतः आखाड्यात शिकलो आहे आणि थोडाफार शस्त्रसंग्रहही करतो. त्या अनुभवावरून प्रथमच सांगतो की, ही दोन्ही कामे एकाच तलवारीकडून अपेक्षू नयेत. भिंतीवरील प्रतिकृती मूळ शस्त्राशी प्रामाणिक असावी लागते आणि सरावाची तलवार आपल्या व शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराशी. या दोन प्रामाणिकपणांची गाठ मुठीपाशी येते आणि तेथे कारागिराला एकाची बाजू घ्यावीच लागते.

ती कशी, हे समजण्यासाठी जुन्या तलवारीची मूठ कशी बसवीत हे पाहावे लागेल. आपल्याकडील तलवारीच्या पात्याचा मुठीत जाणारा भाग, ज्याला आता सर्रास टँग म्हणतात, तो आखूड असे. पोकळ लोखंडी मुठीत तापवलेली लाख भरून त्यात हा भाग गरम करून खुपसला जाई आणि लाख थंड झाली की पाते पक्के बसे. ही पद्धत कमअस्सल नव्हती. मूठ सैल झाली तर शिकलगाराकडे, म्हणजे शस्त्रांची धार व डागडुजी करणाऱ्या कारागिराकडे, नेऊन ती पुन्हा बसवता येई आणि पाते मोडले तर त्याच मुठीत दुसरे पाते घालता येई. संग्रहालयांतील कित्येक तलवारींत पाते एका काळाचे आणि मूठ दुसऱ्या काळाची दिसते, ती यामुळेच. परंतु लाख उन्हाने मऊ होते, वर्षानुवर्षे पडून राहिली की ठिसूळ होते आणि आखाड्यात रोज तासभर फिरवल्या जाणाऱ्या तलवारीची नियमित डागडुजी करणारा शिकलगार आज गल्लोगल्ली नाही. आमच्या आखाड्यात एकदा सराव चालू असताना एका मुलाच्या हातात नुसती मूठ राहिली आणि पाते मैदानाच्या दुसऱ्या कडेला जाऊन पडले. सुदैवाने त्या बाजूला कोणी नव्हते. तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की, सरावाच्या तलवारीचा टँग मुठीच्या पूर्ण लांबीचा असावा आणि वरच्या टोकाला ठोकून किंवा आडवी खीळ घालून बांधलेला असावा. तो परंपरेला धरून नाही हे खरे, आणि चिकित्सक संग्राहक त्याला नाक मुरडतील, परंतु आपल्याला नाक मुरडणारा संग्राहक परवडेल, सुटलेले पाते परवडणार नाही. भिंतीवरच्या तलवारीसाठी मात्र लाखेचीच मूठ मागावी.

आता मराठा तलवार म्हणजे नेमकी कोणती, हे कारागिराला सांगता आले पाहिजे. बाजारात ‘शिवकालीन तलवार’ या एकाच नावाखाली वाटेल ते विकले जाते. वक्र पाते, मुठीच्या वरच्या टोकाला वाटीसारखी चकती आणि बोटांवरून येणारी परज, म्हणजे हात झाकणारी पट्टी, ही रचना उत्तर हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत सर्वत्र वापरात होती. मराठ्यांची म्हणून विशेष ओळखली जाते ती धोप, म्हणजे लांब व बहुतांशी सरळ पात्याची तलवार, आणि तिच्या जवळची फिरंग. फिरंगीचे पाते युरोपातून, पुष्कळदा पोर्तुगीजांच्या व्यापारातून येई आणि त्यावर येथील कारागीर आपल्या पद्धतीची, हात झाकणारी मूठ चढवीत. या मुठीच्या माथ्यावर एक लांब दांडी असते; गरज पडल्यास दुसरा हात तिच्यावर धरून दोन्ही हातांनी वार करता येतो. लंडनच्या राजसंग्रहात असलेली आणि जगदंबा या नावाने ओळखली जाणारी तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली. तिचेही पाते युरोपीय असून त्यावर ‘आयएचएस’ ही ख्रिस्ती अक्षरे तीनदा कोरलेली आहेत. नागपूरकर रघुजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तिचेही पाते युरोपीय घडणीचे आहे आणि त्यावरील देवनागरी लेखातच ‘फिरंग’ हा शब्द आहे. म्हणून एखादा विक्रेता ‘अस्सल मराठा तलवारीला परदेशी पात्याचा स्पर्शही नसतो’ असे अभिमानाने सांगू लागला, तर त्याचे विक्रीचे भाषण आहे तेथेच सोडून मापे विचारावीत.

मापांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रतिकृतीचा खरेखोटेपणा नक्षीत नसून वजनाच्या वाटणीत असतो. जुनी वक्र तलवार साधारणपणे पाऊण ते सव्वा किलोची आणि तिचे पाते पाऊण मीटरच्या आसपास. फिरंग तिच्याहून लांब आणि थोडी जड. कित्येक किलो वजनाच्या तलवारीच्या कथा आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात. त्या कथांत पराक्रमाविषयी आदर आहे, पण लढाईचा विचार नाही. दिवसभर हात चालवायचा असेल तर शस्त्र हलकेच हवे. स्वस्त प्रतिकृती दीड-दोन किलोच्या का होतात, याचे कारण सोपे आहे. सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी आणून ती यंत्रावर आकारात कापली आणि कडा उतरवल्या की दिसायला पाते तयार होते, परंतु त्याची जाडी मुठीपासून टोकापर्यंत सारखीच राहते. घडवलेल्या पात्याची पाठ मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर असेल, तर टोकाकडे ती निम्म्याहून कमी होत जाते आणि त्यामुळे सगळे वजन हाताजवळ गोळा होते. आपण दुकानात गेलात तर नक्षीकाम पाहण्याआधी पाते डोळ्यांच्या रेषेत धरून पाठीवरून टोकाकडे पाहावे. जाडी उतरत गेलेली दिसते का आणि पाते सरळ आहे की पिळवटलेले, या दोन्ही गोष्टी त्या एका नजरेत कळतात. दुरून मागवत असाल तर मुठीजवळची, मध्यावरची आणि टोकापासून चार बोटे अलीकडची जाडी, तसेच एकूण वजन लेखी मागावे. ही मापे विचारल्यावर जो विक्रेता चिडतो, त्याने ती कधी घेतलेलीच नसतात.

मुठीच्या आतल्या मोकळ्या जागेबद्दलही हेच. जुन्या तलवारींत ही जागा आठ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि आजच्या माणसाला ती हातात घेताच लहान वाटते. त्यावर ‘पूर्वीच्या लोकांचे हात लहान होते’ असे उत्तर हमखास मिळते. मला ते पटत नाही. मनगटाला टेकणारी ती चकती आणि आवळ मूठ यांमुळे हात एका विशिष्ट कोनातच राहतो, वार मनगटातून झटका देऊन न होता खांद्यातून व कोपरातून येतो आणि पाते ओढत नेले जाते. वक्र पात्याला तेच साजते. आज ग्राहक मागतात म्हणून कारागीर मूठ प्रशस्त करतात, आणि मग त्या तलवारीने जुने हात, म्हणजे वाराच्या पद्धती, शिकताच येत नाहीत. आपल्या हाताचे माप अवश्य द्यावे, पण चार बोटे चपखल बसतील एवढीच जागा मागावी.

पोलादाविषयी थोडक्यात सांगतो. चकचकीत स्टेनलेसचे लांब पाते भिंतीपुरतेच ठेवावे. आघात बसला तर ते वाकण्याऐवजी तुटण्याचा धोका असतो. सरावासाठी स्प्रिंग स्टील हवे. आपल्याकडे ईएन ४५ सहज मिळते आणि अनेक लोहार गाड्यांच्या कमानपाट्यांतून तेच पोलाद वापरतात. मात्र पोलादाचे नाव सांगितले म्हणजे काम संपले असे नाही. ते पुरेसे तापवून तेलात बुडवणे आणि नंतर मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे, ज्याला आपण पाणी देणे म्हणतो, त्यावर सर्व काही अवलंबून असते. तलवारीसाठी रॉकवेल मापनात ४८ ते ५२ च्या दरम्यानचा कठीणपणा योग्य मानावा. सुरीसारखा ५८-६० चा आकडा कोणी मोठेपणाने सांगत असेल, तर तो लांब पात्याचा गुण नव्हे. विक्रेत्याने आपल्यासमोर पाते बेताने वाकवून दाखवावे आणि ते मूळ रेषेत परत यावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. ‘दमास्कस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या लाटांच्या नक्षीने मात्र भुलू नये. जुन्या दख्खनी पोलादातील लाटा मुशीत वितळवलेल्या उच्च कार्बनच्या पोलादातून आपोआप उमटत. तेलंगणातील कोनासमुद्रम त्या पोलादासाठी प्रसिद्ध होते. आज मिळते ते बहुधा दोन प्रकारच्या पोलादांचे थर जोडून घडवलेले आणि आम्लाने उठाव दिलेले असते. तेही चांगले असू शकते, पण ती वेगळी विद्या आहे, आणि काही ठिकाणी तर साध्या पात्यावर नुसती नक्षी कोरलेली असते.

आरंभीच्या सरावाबद्दल एक सूचना. वस्ताद फरी-गदक्यावर, म्हणजे लहान ढाल व सरावाच्या काठीवर, हात बसवून घेत असतील तर पोलादी तलवारीची घाई करू नये. घेतलीच तर तिची धार दीड-दोन मिलिमीटर जाड व बोथट आणि टोक गोल असावे. दांडपट्ट्याचा मोह अनेकांना होतो, विशेषतः २०२४ साली तो महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित झाल्यापासून. त्याचे पाते लवचीक असावे लागते आणि कोपरापर्यंत येणाऱ्या खोबळ्याशी, म्हणजे हात झाकणाऱ्या पोकळ लोखंडी मुठीशी, ते रिव्हेटांनी घट्ट जोडलेले असावे लागते. लिंबू कापण्याची प्रात्यक्षिके पाहून तो सोपा वाटतो, परंतु त्यात मनगट बंदिस्त असते आणि चुकलेला हात आपल्याच पायावर येतो. वस्तादांनी सांगेपर्यंत तो घेऊ नये.

कायद्याची बाजू कोणी विक्रेता नीट सांगत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये २०१६ चे नियम आहेत. त्यांत तलवारी, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची इतर धारदार शस्त्रे स्वतंत्र वर्गात घातली आहेत आणि घरगुती वा शेतीची अवजारे वगळली आहेत. ज्या क्षेत्रासाठी तशी अधिसूचना निघालेली असते तेथे अशी शस्त्रे बाळगण्यासही परवाना लागतो. ‘बोथट आहे, म्हणजे खेळणे आहे’ हा युक्तिवाद टिकेलच असे नाही, कारण कायद्याची सूट ज्याचे खऱ्या शस्त्रात रूपांतरच होऊ शकत नाही अशा वस्तूला आहे आणि बोथट पोलादी पात्याला धार लावता येते. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यात किंवा आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारणा करावी, पावती जपून ठेवावी आणि आखाड्याचे पत्र जवळ असू द्यावे. मिरवणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो. तेव्हा पोलादी तलवार घेऊन रस्त्यावर उतरू नये. शंभर वर्षांहून जुनी खरी तलवार कोणी देऊ केली तर ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

निगा राखणे अवघड नाही. पावसाळ्यात तलवार मखमली म्यानात ठेवू नये. लाकूड आणि कापड ओल धरतात आणि पात्याला आतून गंज चढतो. पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खंडेनवमीला आपण हळदकुंकू व फुले वाहतो, ते ओले राहिले तर दुसऱ्या दिवशी पात्यावर डाग दिसतात. पूजा झाल्यावर संध्याकाळीच ते पुसून तेल लावावे. त्यात कोणताही अवमान नाही, जुन्या शिलेखान्यातही शस्त्रांची अशीच निगा राखावी लागे.

आपल्या भावाच्या बाबतीत इंग्लंडचा नियम वेगळा आहे. तेथे २००८ पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर व आयातीवर बंदी आहे. तथापि पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारीसाठी त्यातून बचाव दिलेला आहे. तो बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी मागवणाऱ्यावर येते. तेव्हा पाते कोणी, कोठे आणि कशा रीतीने घडवले याचे कारागिराकडून सहीनिशी पत्र घ्यावे आणि घडणीच्या टप्प्यांची छायाचित्रे सोबत जोडावीत. हे जमण्यासारखे नसेल तर भावासाठी सरळ पात्याची धोप निवडावी, कारण ही विशिष्ट बंदी वक्र पात्यापुरती आहे. पाठवण्यापूर्वी कुरिअर कंपनी धारदार वस्तू स्वीकारते का आणि दोन्हीकडच्या सीमाशुल्क खात्याच्या अटी काय आहेत, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.