ऑफिसमध्ये दोन रॅकची सर्व्हर रूम आहे, एसी चोवीस तास १८ अंशांवर चालतो. वीजबिल कमी कसं करावं?

आधी रॅकच्या पुढच्या बाजूला वर, मध्ये आणि खाली साधे तापमापक लावा. एसीच्या रिमोटवरचा आकडा इथे कामाचा नाही, सर्व्हर आत ओढतो त्या हवेचं तापमान महत्त्वाचं. त्यासाठी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. तेव्हा सेटिंग दर दोन दिवसांनी एकेक अंश वाढवत २४-२५ पर्यंत न्या. वरचा तापमापक २७ च्या पुढे गेला की थांबा.

बहुतेकदा वरचाच तापतो. रॅकमधल्या रिकाम्या जागांतून मागची गरम हवा पुढे येते आणि सर्व्हर तीच पुन्हा ओढतो. तिथे ब्लँकिंग पॅनल, म्हणजे रिकामी जागा झाकणाऱ्या पट्ट्या बसवा, केबलची भोकं ब्रशपट्टीने बुजवा. हे न करता जास्त टनाचा एसी घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

मग सर्व्हर मोजा. काहीच न करता सतत २०० वॅट खाणारा जुना सर्व्हर वर्षाला १,७५२ युनिट जाळतो, एसीचा खर्च वेगळा. वाली नसलेल्या सर्व्हरची नेटवर्क केबल पूर्ण महिनाभर काढून ठेवा. महिनाअखेरचा पगार त्याच्यावरच निघत असेल, तर ते आठवड्याभरात कळत नाही. ओरड झाली नाही तर बॅकअप घेऊन बंद करा. उरलेले छोटे सर्व्हर एका यंत्रावर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी सर्व्हर) म्हणून हलवा.

यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर खोलीचं तापमान २५ च्या वर नेऊ नका, त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं.